शहर आवृत्ती

टेलरमास्तरांचं पेपर वाचणं निधनाच्या पानापासून सुरू व्हायचं. "बाबा, तुम्हाला लोकांच्या मरणाची एवढी कसली हो गोडी?" लेक विचारायची. मास्तर तिला कारण सांगत नसत. कारण होतं दादा, त्यांचा थोरला भाऊ. नदीपलीकडच्या गावात राहायचा. आईच्या शिलाई मशीनवरून दोघा भावांचं फाटलं ते फाटलंच. जन्मभर लोकांचे फाटके कपडे शिवले, पण एवढी एक उसवण काही यांना शिवता आली नाही. दादाचा फोन आला की आवाज ओळखून मास्तर तो ठेवून द्यायचे. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असलं ते घराणं.

पण रोज सकाळी ते पान उघडायचं, फोटोंवरून बोट फिरवायचं आणि दादा त्यात नाही हे बघूनच चहाचा कप उचलायचा. आज नाही ना, मग आहे. आहे, तर जाऊ कधीतरी. दादा काय कुठे पळून जातोय?

डोळे अधू झाले तेव्हा लेकीनं पेपरच्या डिजिटल आवृत्तीचं मनावर घेतलं. "बोटांनी ताणलं की अक्षर हवं तेवढं मोठं होतं, बाबा. घरी येणारा पेपर बंद करून टाकू." मोबाइलवर नाव, पत्ता, सगळं तिनंच भरलं. मग विचारलं, "आवृत्ती कोणती घेऊ? आपल्या भागाची की शहराची?"

"फरक काय?"

"शहराच्या पेपराला पानं जास्त. वर्गणी सारखीच."

आता ज्याची हयात कापड मापण्यात गेली, तो काय सांगणार? "एकाच भावात कापडाचा मोठा पन्हा मिळत असेल तर लहान कोण घेतं?" मास्तर म्हणाले. लेक हसली आणि तिनं शहरावर बोट टेकवलं.

मास्तर नव्या पेपरावर खूष होते. फोटो ताणताणून बघायचे. सगळे अनोळखी चेहरे, दादा कुठेच नाही. "हल्ली आपल्याकडे कोणी मरतच नाही," ते शेजारच्या सलूनवाल्याला म्हणाले. "बरंय की," तो म्हणाला, "माझी गिऱ्हाइकं टिकतील." मास्तरांना इतकं हलकं वाटू लागलं होतं, की दादाच्या मापाचा एक शर्ट शिवून स्वतःच घेऊन जावं, असंही मनात यायला लागलं. फक्त मनातच, अर्थात.

अडचण एकच झाली. कपड्यांचे नमुने मास्तर जुन्या पेपरांतून कापायचे, आणि आता घरात रद्दीच साठेना. शेवटी सलूनवाल्याकडून एक गठ्ठा मागून आणला. एका मुलीच्या फ्रॉकची बाही होती. पेन्सिलीनं आखलं, कात्री चालवली, बाही उचलून उजेडात धरली, तर तिच्यावर दादा. अर्धा.

तेच रुंद कपाळ, फोटो काढताना घट्ट मिटलेले तेच ओठ. तारीख मागच्या महिन्यातली, आवृत्ती आपल्या भागाची. मजकूर ओळीच्या मध्येच कापला गेला होता. मास्तर जमिनीवर बसले आणि टेबलाखालच्या कातरणांत हात घालून उरलेला तुकडा शोधत राहिले. सापडला. कडेला कड लावली. जुळली तेव्हा शेवटची ओळ वाचता आली. धाकटे बंधू आल्यावर अंत्ययात्रा निघेल.

मास्तरांना रडू आलं. तसेच उठले आणि दादाच्या घरी फोन लावला. नंबर कधी विसरलेच नव्हते. वहिनीनं उचलला.

"वहिनी, मी," एवढंच म्हणाले.

"अंधार पडेपर्यंत थांबलो होतो हो, भाऊजी. पोरं म्हणत होती फोन करू. मीच नको म्हटलं. ह्यांनीच सांगून ठेवलं होतं, फोन कराल तर तो आपटेल. पेपरात द्या. पेपर तो सोडत नाही. वाचेल आणि येईल."

"मी रोज वाचत होतो, वहिनी," मास्तर कळवळून म्हणाले. तेवढंच तर खरं होतं त्यांच्याकडे.

"वाचलंत?" वहिनीचा आवाज बदलला. "वाचूनसुद्धा आला नाहीत?"

तसं नाही, हे सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं. पण सांगायचं काय? पन्हा मोठा होता म्हणून? ते शब्द जुळवेपर्यंत तिनं फोन ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा लावला. पलीकडे कोणी उचलला नाही. आपटलेला फोन कसा लागतो ते मास्तरांना या वयात कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डोळ्यांवरची झोप उतरायच्या आत, हात आपसूक मोबाइलकडे गेला. निधनाचं पान उघडलं, बोट एकेका फोटोवरून फिरलं. दादा त्यात नव्हता. आणि सवयीनं जिवाला क्षणभर बरं वाटलं.