कल्हईवरचा लाल धागा

मी पिकदाणी बोलतेय. नाव वाचूनच तुम्ही नाक मुरडलं असेल, तर मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्यांनी मला वापरलं, त्यांनीही माझ्याकडे बघून कधी वापरलं नाही. मान वळवायची, थुंकायचं, मान परत फिरवायची. माझ्यात काय पडलं, हे पाहायची कुणाला गरज वाटली नाही. मला जे सांगायचं आहे ते याच्याबद्दलच आहे.

मी पितळेची. अकोल्याच्या एका तांबटाच्या हातोडीखाली मी घडले. रुंद बूड, बारीक कंबर, वर फुलासारखं उघडं तोंड. अमरावतीच्या नत्थुजींनी मला विकत घेतलं. ते संत्र्यांचे अडते होते आणि दिवसाला वीस पानं खायचे. त्यांच्या बैठकीत तक्क्याशेजारी माझी जागा होती. बागवाले यायचे, सौदे व्हायचे, पानं रंगायची आणि मी भरत जायचे. घरातली सून, माणिकबाई, रोज सकाळी मला मोरीत नेऊन राखेनं घासायची. वर्षानुवर्षं तिनं माझ्यातून फक्त लाल पाणी ओतलं.

नत्थुजी गेले. मग खर्रा आला. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून खसाखसा घोटायचा आणि गालात धरायचा. खर्रा खाणाऱ्याला बैठक लागत नाही आणि पिकदाणीही लागत नाही. तो दुकानाच्या पायरीवर थुंकतो, जिन्याच्या कोपऱ्यात थुंकतो, चालत्या मोटारसायकलवरून थुंकतो. मला घरातून काढलं आणि सारं गाव पिकदाणी झालं. मी माळ्यावर गेले. माझ्यात कपडे वाळवायचे चिमटे ठेवले होते.

नत्थुजींचा मोठा मुलगा शेषराव, माणिकबाईचा नवरा. वडिलांचा धंदा त्यानंच चालवला. त्याच्या जिभेची अमरावतीच्या फळबाजारात ख्याती होती. संत्र्याची एक फोड तोंडात टाकायचा आणि सांगायचा, बाग चांदूर बाजारकडची आहे की वर्धा नदीच्या काठची, शेवटचं पाणी कधी दिलं, माल गाडीत दोन दिवस टिकेल की चार. बागवाले भांडायला यायचे आणि हसत परत जायचे. याच जिभेखाली तो तीस वर्षं खर्रा धरत होता.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आचल परत आली. शेषरावच्या धाकट्या भावाची मुलगी. ॲडलेडला चार वर्षं वाइन बनवायला आणि चाखायला शिकली होती. घरातले म्हणाले, तिकडे गेलेलं कुणी परत येत नाही, ही कशी आली. ती का आली ते तिनं पहिल्याच दिवशी जेवताना सांगितलं. बाजाराबाहेर बारक्या संत्र्यांचे ढीग सडतात, त्यांचीच पांढरी वाइन करायची. इथल्या माणसांना फळातलं सगळं कळतं, मग ते फळ इथून कच्चंच का जातं, असं ती विचारायची. विचारताना तिचा घास हातातच राहायचा.

"पण आधी चाखणारी माणसं तयार करावी लागतात," ती म्हणाली. "मोठेबाबा, मला तुमची जीभ पाहिजे."

"घेऊन जाय नं," शेषराव म्हणाला. "तशीबी तुयी मोठीआई म्हणते का लय चालते म्हणून."

शिकवणीसाठी तिनं ऑस्ट्रेलियातल्या स्वस्त पांढऱ्या वाइन निवडल्या. दोन बाटल्या तिनं सोबत आणल्या होत्या, बाकीच्या नागपूरच्या दुकानातून मागवल्या. तिकडे अशी बाटली शिक्षक, ड्रायव्हर कुणीही रविवारच्या जेवणाला घेतं. त्या स्वच्छ असतात, ती म्हणाली, आणि प्रत्येक द्राक्षाची चव सरळ समोर येते. नवशिक्यानं यांच्यावरच शिकावं.

शेषरावचा बाजारातला जोडीदार संघपाल पहिल्या रविवारी मुद्दाम आला. त्यानं बाटलीचं झाकण फिरवून पाहिलं.

"याले बूच नाई? मंग हे देशीच हाय. देशीच्या बाटलीले असतेच असं झाकण."

"तिकडे चांगल्या वाइनलाही हेच झाकण लावतात, काका. आणि ही गिळायची नाही. घोट तोंडात फिरवायचा, चव घ्यायची आणि थुंकून टाकायचा."

संघपालनं तिच्याकडे नीट पाहिलं. "चार वर्स ऑस्ट्रेलियात राहून थुंकायले शिकून आली का व माय? ते तं आमी इथंच शिकवलं असतं तुले."

सगळे हसले. आणि थुंकायचं कशात, म्हणून मी माळ्यावरून खाली आले.

आचलनं बडनेऱ्याचा कल्हईवाला शोधून काढला. आंबट वाइन पितळेत कळकते, म्हणून आतून कल्हई हवीच. त्यानं मला निखाऱ्यावर धरलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं. मी आतून चांदीसारखी पांढरी झाले. इतकी पांढरी मी जन्मात कधी नव्हते.

मे महिन्यापासून दर रविवारी सकाळी अकराला शिकवणी व्हायची. नियम एकच, शनिवारी रात्रीपासून खर्रा बंद. शेषराव कुरकुरला, पण रविवारपुरतं त्यानं पाळलं. माणिकबाईंनी देवघराचं दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, पदर नाकाला लावून बसून राहिल्या. निघून मात्र गेल्या नाहीत.

आचल ग्लास पांढऱ्या कागदासमोर धरायची. "आधी डोळ्यांनी पाहा. रंग कसा आहे, कडेला हिरवट आहे की पिवळसर, गढूळ तर नाही. घाई करू नका." मग वास. मग घोट.

शेषरावला शिकवावं लागलंच नाही. सोव्हिन्यों ब्लां नावाच्या द्राक्षाची वाइन तोंडात घेऊन तो म्हणाला, "उसाच्या बांधावरचं गवत कापल्यावानी लागते. अन् कच्ची पपई." सेमियों द्राक्षाची त्याला लिंबाच्या पानासारखी लागली. चौथ्या रविवारी क्लेअर नावाच्या खोऱ्यातली, काही वर्षं मुरलेली रिस्लिंग द्राक्षाची वाइन होती. त्यानं ग्लासात नाक घातलं आणि मागे झाला.

"काहून वं, ही बाटली रॉकेलच्या डब्याजवळ ठेवली होती का?"

संघपाल पोट धरून हसला. "राशनची वाइन हाय बाप्पा."

आचल हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जुन्या रिस्लिंगमध्ये तो वास असतोच, तिनं सांगितलं, आणि तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना तो ओळखायला वर्ष लागलं होतं. त्या दिवशी शेषराव बाजारात भेटेल त्याला सांगत सुटला. मीही खूश होते. म्हातारपणी मला चांगलं काम मिळालं होतं.

पाचव्या रविवारी मी तो धागा पाहिला.

रिस्लिंगच होती, आदल्या वर्षीची, कोवळी आणि फार आंबट. शेषरावनं घोट फिरवला, डोळे मिटले आणि नेहमीपेक्षा लवकर थुंकला. पांढऱ्या कल्हईवर पाण्यासारखी वाइन आणि तिच्यात वळवळत उतरणारा एक बारीक लाल धागा. मला लाल रंग ओळखता येतो. पानाचा लाल पसरतो, खर्ऱ्याचा तपकिरीकडे झुकतो, त्यात चुऱ्याचे कण असतात. हा तसा नव्हता. हा रक्ताचा होता.

"झोंबते," शेषराव म्हणाला.

"कुठे?" आचलनं ग्लास खाली न ठेवताच विचारलं.

"जिभीच्या डाव्या अंगाले. काई नाई, तोंड आलं असन."

आचल ग्लास उजेडात धरून तिसऱ्या वाइनचा रंग समजावत होती. जे प्यायचं होतं त्याकडे सगळ्यांचं बारीक लक्ष होतं. जे थुंकलं होतं त्याकडे कुणाचंच नव्हतं. माणिकबाईंनी मला उचलून मोरीत नेलं. पाणी ओतताना त्यांची नजर क्षणभर आत थांबली. मला वाटलं, आता हाक मारतील. त्यांनी राख घेतली आणि घासायला लागल्या.

पुढच्या रविवारीही तसंच झालं. त्याच्या पुढच्या रविवारी धागा जाड होता आणि शेषरावला दुपारी वरणभातही खाववेना. मग माणिकबाई आचलवर तुटून पडल्या.

"ते आंबट पानी पाजू पाजू मानसाचं तोंड सोलून टाकलं तू. तीस वर्स खर्रा खाल्ला त्यानं, कदी असं झालं नाई. तुयी वाइन आली अन् झालं."

आचलनं बाटलीचं झाकण घट्ट बसवलं. तिलाही तेच वाटलं. रिस्लिंगच्या आंबटपणानं जीभ हुळहुळते, हे ती शिकली होती. "मोठेबाबा, एकदा डॉक्टरला दाखवू," ती एवढंच म्हणाली.

"तोंड आलं तं डॉक्टर? साय लावली का बरं होते."

तिनं पुन्हा म्हटलं नाही. आपल्यामुळेच झालं असं ज्याला वाटतं, त्याच्या तोंडून आग्रह निघत नाही. शिकवणी बंद झाली. बाटल्या पलंगाखाली गेल्या, मी परत माळ्यावर. आणि शेषरावचा रविवारचा खर्राही सुरू झाला. आता तो जे थुंकत होता ते रस्त्यावर पडत होतं आणि ते खर्ऱ्यानं आधीच लाल होतं.

चार महिने असे गेले. ते दिवस मला एक-एक करून मोजायचे होते, पण माळ्यावर दिवस कळत नाहीत. खालचं बोलणं मात्र ऐकू येतं. ऑक्टोबरमध्ये एकदा संघपाल आला आणि माणिकबाईंशी हळू आवाजात बोलला.

"वयनी, शेषराव फोड तोंडात टाकतच नाई आता. नुस्ती सोलून पायते अन् म्हणते, गोड हाय. सगळ्या मालाले गोड म्हणून राहिला. काल मोर्शीकडचा आंबट माल गोड म्हणून गेला. लोकं हसून राहिले."

माणिकबाईंनी त्याच दिवशी शेषरावला समोर बसवून तोंड उघडायला लावलं. दोन बोटंही आत जाईनात.

अकोल्याला माणिकबाईंचे भाऊ वामनराव राहतात. त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. तपासणी झाली, जिभेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. शस्त्रक्रियेत डावीकडची अर्धी जीभ गेली, मानेतल्या गाठी गेल्या. त्यानंतर रोजचे किरणांचे शेक. या सगळ्यासाठी ते वामनरावांच्या घरी राहिले. शेषरावला लाळ गिळता येईना, तेव्हा माणिकबाईंनी निरोप पाठवून मला अमरावतीहून मागवून घेतलं. अशी मी जिथे घडले त्या गावी परत आले.

डॉक्टर काय म्हणाले ते मला तिथे कळलं. एका दुपारी आचल आली होती. शेषराव झोपला होता.

"डॉक्टरनं इचारलं, कवापासून," माणिकबाई म्हणाल्या. "म्या सांगतलं, पोरीनं वाइन पाजली तवापासून. तं ते म्हणाले, जखम आधीचीच व्हती. वाइननं फक्त झोंबलं. तवाच आले असते तं थोडक्यात भागलं असतं."

आचल जमिनीकडे बघत होती. "मी तुम्हाला ग्लास पाहायला शिकवलं, मोठीआई. पिकदाणीत मी एकदाही पाहिलं नाही."

"म्या पाह्यलं व्हतं."

आचलनं मान वर केली.

"लाल व्हतं. दोन-तीन डाव पाह्यलं. मले काईच वाटलं नाई. या घरात आली तवापासून लालच पानी फेकून राहिली मी. त्या दिवशी त्यानं खर्रा खाल्ला नवता, हे माया डोक्यातच आलं नाई." त्यांनी मला पुढ्यात ओढलं. "तुले किती बोलली मी."

दोघींपैकी कुणी रडलं नाही. आचलनं मला उचललं, मोरीत नेलं आणि स्वतः घासलं. संत्र्यांच्या वाइनचं तिनं सोडून दिलं आहे असं कुणी म्हणतं, कुणी म्हणतं पुढच्या हंगामात करणार. तिनं मला काही सांगितलेलं नाही. संघपालनं खर्रा सोडला असं तो शपथेवर सांगतो. माझा विश्वास नाही.

त्या दुपारपासून माणिकबाईंचा एक नेम आहे. रोज सकाळी त्या मला खिडकीशी नेतात आणि ओतण्याआधी आत पाहतात. घाई करत नाहीत. शेक संपले. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी दाखवा. शेषराव आता पातळ पेज पितो, पाटीवर लिहून बोलतो आणि संत्र्यांचा हंगाम कसा आहे ते विचारत नाही. रोज सकाळी लाळ पांढरी असायची. माणिकबाई श्वास सोडायच्या आणि नळ उघडायच्या.

आज त्यांनी नळ उघडला नाही. खिडकीशी किती वेळ उभ्या राहिल्या, मला सांगता येणार नाही. मग आत जाऊन शेषरावला उठवलं, त्याच्या गळ्याला मफलर गुंडाळला आणि वामनरावांना म्हणाल्या, "ऑटो बोलाव." तीन महिन्यांना अजून सहा आठवडे आहेत, असं वामनराव म्हणाले.

"ते डॉक्टरलेच सांगू दे."

आता आम्ही ऑटोत आहोत. शेषराव बाहेर बघतोय. मी तुमच्या घरात नसेन, कुणाच्याच घरात आता पिकदाणी नसते. पण बेसिन असतं, मोरी असते. ज्याच्या गालात काही असतं त्याला एक दिवस ते काढून ठेवायला लावा, साध्या पाण्यानं चूळ भरायला लावा आणि नळ सोडण्याआधी एकदा बघा. मी पाहिलं होतं आणि मला सांगता आलं नाही. तुम्हाला सांगता येतं.

रस्ता खराब आहे. प्रत्येक खड्ड्याला माणिकबाई मला पोटाशी धरतात. माझ्या तोंडावर त्यांनी पदर घातला आहे आणि दोन्ही हातांनी मला सरळ धरलंय, आतलं सांडू नये म्हणून.