राखेवर वाढलेले चिनार

मित्रांनो, सुईच्या भोकाला हसणारी म्हणीतली चाळणी तुम्हाला ठाऊक असेल. मी तिच्याच जातीची, पण मी कुणाला हसले नाही. उलट लोकच मला हसले. मी राख चाळणारी एक जुनी चाळण आहे.

उत्तर ग्रीसमधल्या एका गावात अनेस्तिस यांनी मला घडवलं. कोळशाच्या वीजकेंद्रात राख वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. निवृत्त झाल्याच्या आठवड्यातच त्यांनी अक्रोडाच्या फळ्यांची चौकट ठोकली, तिच्यावर बारीक जाळी ताणली आणि मला आपल्या मुलीच्या, पार्थेनाच्या हाती दिलं. पार्थेनाची छोटी रोपवाटिका होती.

गाव नवं होतं. जुनं गाव कोळशाच्या खाणीनं गिळलं, त्यात चौकातला म्हातारा चिनारही गेला. तो तोडण्याआधी अनेस्तिस यांनी त्याचं बी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलं होतं. नव्या चौकात नुसतं सिमेंट होतं. तिथे त्याच चिनाराची लेकरं लावायची, असं बापलेकीनं ठरवलं.

पण तिथली माती चिकट आणि आंबट. रोपं पिवळी पडून माना टाकत. राखेत चुना असतो, त्यानं मातीचा आंबटपणा जाईल, असं अनेस्तिस यांचं म्हणणं. मग नाकाला फडकी बांधून, वीजकेंद्रातून आणलेली राख जराशी ओली करून त्यांनी ती माझ्यातून चाळायला घेतली.

अनेस्तिस यांची थोरली बहीण सिमेला कुंपणाशी उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "चाळीस वर्षं मी वाळत घातलेल्या चादरींवरची वीजकेंद्राची राख झटकली, आणि तुम्ही ती कुंड्यांत भरताय. हाकलून दिलेल्या जावयाला पुन्हा पाटावर बसवल्यासारखं झालं हे."

पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात दोघांनी अर्धी माती आणि अर्धी राख घेतली. पाणी पडताच ती दगडासारखी घट्ट झाली. जे चार कोंब वर आले तेही करपले. अर्धा डबा बी वाया गेलं. अनेस्तिस यांनी मला खिळ्याला टांगलं आणि रोपवाटिकेत येणंच सोडलं. तो हिवाळा मला फार लांब वाटला.

पार्थेना मात्र एके सकाळी मला काढून थेट बापापुढे घेऊन गेली. "बाबा, चूक राखेची नाही, मापाची आहे. आत्या पिठात मूठमूठ मीठ घालते का?"

"घातलं असतं तरी तुझ्या बापानं निमूट खाल्लं असतं," चुलीपाशी बसलेली सिमेला म्हणाली. अनेस्तिस हसले आणि त्यांनी बूट चढवले.

या वेळी चिनाराच्या बियांना कुणी हात लावला नाही. आधी बाभळीसारख्या साध्या अकेशियाचं बी वेगवेगळ्या मापांत लावून पाहिलं. दहा वाट्या मातीला एक वाटी राख आणि वर कुजलेलं मेंढीखत, हे माप सगळ्यांत छान जमलं. मग त्याच मापानं मिश्रण कालवून वर्षभर उघड्यावर ठेवलं, म्हणजे राखेची आग निवते. पुढच्या वसंतात उरलेला डबा उघडला. बियांवरचं मातीचं पातळ पांघरूण मीच घातलं.

कोंब पहिल्यांदा दिसले ते सिमेलाला. म्हातारी धापा टाकत भावाच्या दारात गेली आणि एवढंच म्हणाली, "ऊठ. तुझी नातवंडं आलीत."

एकोणीस रोपं जगली. तीन वर्षांनी ती चौकात लागली, त्या दिवशी लिरा ही गावची सारंगी वाजली आणि अनेस्तिस दुखरा गुडघा विसरून नाचले. आता शेजारच्या गावांतून लोक माप विचारायला येतात. पार्थेना बजावते, आधी माती तपासा, आणि राखेच्या मातीत भाजी लावू नका, तिच्यात धातू असू शकतात. माझी जाळी दोनदा फाटली. पार्थेनानं दोन्ही वेळा तार ओवून ती सांधली.

मित्रांनो, नकोशी वस्तू फेकण्याआधी एकदा चाळून बघा. कामाची निघाली तरी मापानंच घ्या. आणि आमच्यासारखं जुनं अवजार फाटलं, तर लगेच अडगळीत टाकू नका, आधी सांधून पाहा.

काल सिमेलानं घरची खुर्ची आणून चौकातल्या एका रोपाशेजारी मांडली. रोप तिच्या कमरेइतकं, ती चौऱ्याऐंशीची. पार्थेना म्हणाली, "आत्या, ऊन आहे, अजून सावली नाही पडत."

"पडेल की," टोपलीतलं विणकाम काढत सिमेला म्हणाली. "मला कुठं घाई आहे?"