आत्या, तळं आणि सहाशेची लेन्स

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तो भिंगं घासायचा, म्हणून त्याचं नाव पडलं भिंग्या. नाव आत्यानं ठेवलं होतं, आणि आत्यानं ठेवलेलं नाव पुसायची घरात कुणाची टाप नव्हती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसाठी भिंगं घासायची, त्यांचे काठ गुळगुळीत करायचे, फ्रेममध्ये बसवायची, आणि घरी आल्या आल्या हात धुऊन कॅमेऱ्याच्या लेन्स बघत बसायचं. एका माणसाला आयुष्यात किती काच लागावी!

लेन्स त्याच्याकडे पाच होत्या. कपाटातल्या एका खणात मऊ कापडात गुंडाळून ओळीनं झोपवलेल्या. पण जीव कायम सहावीत अडकलेला. पाचवी आणली तेव्हा तो गळ्याला चिमटा घेऊन म्हणाला होता, "आता बास." त्याला तीन आठवडे झाले नाहीत तोच डोक्यात पुन्हा भुंगा सुरू. जेवताना फोन ताटाशेजारी उभा, त्यात कुणीतरी दाढीवाला नव्या लेन्सचं खोकं उघडतोय, आणि हा घास हातात धरून बघतोय.

"खोकं तो उघडतो आणि आ तू वासतोस," बायको म्हणायची. ती जमीन मोजणीच्या कार्यालयात नकाशे काढायची, त्यामुळे मापाबाहेरचं काही तिला खपत नसे. "गेल्या महिन्यात फोटो किती काढलेस?"

"प्रकाश बरोबर नव्हता गं."

"मग लेन्स कशाला मागवतोस? प्रकाश मागव."

यावर तो हसायचा आणि दाढीवाल्याला दोन मिनिटं मागे नेऊन पुन्हा बघायचा.

या वेळी मात्र त्याच्याकडे सबळ कारण होतं. कारण होती आत्या.

आत्यानं जन्मभर टेलिफोन खात्यात लोकांचे फोन जोडून दिले. निवृत्त झाली आणि वर्षभरानं, एकोणसाठाव्या वर्षी, पोहायला शिकली. नुसती शिकून गप्प बसली असती तर ती आत्या कसली? शहराबाहेरच्या मोठ्या तळ्यात दर वर्षी पोहण्याची शर्यत व्हायची. या काठापासून त्या काठापर्यंत तीन किलोमीटर, वेळ दोन तास. दोन तासांच्या आत पलीकडच्या फळीला हात लागला तर तुमचं नाव यादीत, नाहीतर पोहलात ते न पोहल्यासारखं. पहिल्या वर्षी निम्म्या वाटेत आत्याच्या पायात गोळा आला आणि तिला होडीत ओढून घ्यावं लागलं. दुसऱ्या वर्षी ती पोचली, पण चार मिनिटं उशिरा. ती चार मिनिटं तिनं वर्षभर सगळ्यांना ऐकवली. यंदा ती चौसष्टची होती आणि तिसऱ्यांदा उतरणार होती.

दोन्ही वर्षी भिंग्यानं काठावरून फोटो काढले होते. दोनशेहून जास्त पोहणारे, सगळ्यांच्या डोक्यावर नारिंगी टोप्या, आणि त्यात कुठेतरी आत्या.

"हा ठिपका मी, की तुझ्या काचेवरची धूळ?" आत्यानं फोटो नाकाशी धरून विचारलं होतं.

तेव्हापासून त्यानं ठरवलं होतं, सहाशेची, म्हणजे सहाशे मिलिमीटरची, लेन्स हवी. दंडाएवढी लांब, तळ्याच्या मध्यावरच्या माणसाची भुवईसुद्धा ओढून आणणारी. त्याची सगळ्यात लांब लेन्स होती दोनशेची, ती इथे तोकडी पडायची. शर्यतीच्या आठ दिवस आधी एका संकेतस्थळावर त्याला एक वापरलेली सहाशेची दिसली. दुसरं कुणी उचलेल या धास्तीनं त्यानं खाली काय लिहिलंय तेसुद्धा धड वाचलं नाही, मागवून टाकली.

खोकं आलं शनिवारी दुपारी. शर्यत रविवारी सकाळी. त्यानं दाढीवाल्यासारखं हळूहळू, चवीनं खोकं उघडलं. लेन्स बाहेर काढली, तिचं वजन तळहातावर तोललं, बायकोला हाक मारली, आणि कॅमेऱ्याला लावायला गेला. लागेना. फिरवली, पुसली, पुन्हा लावली. लागेना. मग त्यानं पहिल्यांदाच मागची खूण नीट बघितली. लेन्स दुसऱ्याच कंपनीच्या कॅमेऱ्याची होती.

दुसऱ्यांच्या चष्म्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक पकडणारा हा माणूस! बायकोनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि खोकं उचलून नजरेआड ठेवलं, एवढं त्याचं तोंड उतरलं होतं.

तो तसाच उठला आणि लेन्स भाड्यानं देणाऱ्याच्या दुकानात गेला. "शर्यत आहे ना उद्या," दुकानदार म्हणाला. "लांबच्या सगळ्या गेल्या. सकाळपासून रांग होती." मग भिंग्याला ओळखून म्हणाला, "पण तुमच्याकडे पाच आहेत की!"

"आहेत," भिंग्या म्हणाला, जणू घरात पाच फुटके माठ आहेत.

रविवारी सकाळी तो पाचही लेन्स पिशवीत भरून बायकोसोबत तळ्यावर गेला. काठावर नुसती जत्रा. तिपायांवर तोफांसारख्या लेन्स रोखलेल्या, आणि त्यामागे एक डोळा मिटलेली माणसं. भिंग्या त्या तोफांकडे बघत उभा होता, तेवढ्यात गर्दीतून नारिंगी टोपी तरातरा त्याच्याकडे आली.

"भिंग्या, चल. होडीत बस."

"मी? आत्या, मला फोटो..."

"फोटो गेले खड्ड्यात! बाई पायऱ्यांवरून घसरल्या. घोटा बघ कसा टम्म सुजलाय."

बाई म्हणजे आत्याची पोहण्याच्या तलावावरची मैत्रीण, निवृत्त मुख्याध्यापिका. साठीच्या पुढच्या पोहणाऱ्यांसोबत होडी असायची. तिच्यात एक वल्हवणारं आणि एक ओळखीचं माणूस, वेळ सांगायला आणि दिशा चुकली तर ओरडायला. माणूस नसेल तर पाण्यात उतरायचं नाही. शर्यतीला दहा मिनिटं उरली होती.

"मला काय येतं त्यातलं?"

"ओरडता येतं ना? लहानपणी इंजेक्शन घेताना अख्खा दवाखाना डोक्यावर घ्यायचास. तसंच ओरडायचं."

होडी वल्हवायला एक आडव्या बांध्याची बाई होती. एरवी शाळेच्या बसवर चालक होती, आणि होडीतही तिचा कारभार बसमधलाच. "उभं राहायचं नाही. एका बाजूला झुकायचं नाही. ती पिशवी काठावर राहू दे."

"अहो, त्यात माझ्या लेन्स आहेत."

"गळ्यात मावेल तेवढं घ्या. बाकी खाली."

पिशवी त्यानं बायकोच्या हातात दिली. कॅमेऱ्यावरची दोनशेची काढून हाताला लागली ती सगळ्यात छोटी चढवली. पस्तीसची. कॅमेऱ्यासोबत पहिल्या दिवशी आलेली, एकदा जिन्यावरून गडगडलेली, सैल कड्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. तिच्यातून लांबचं काहीच मोठं दिसायचं नाही. वर्षभर ती खणाच्या कोपऱ्यातून बाहेरही आली नव्हती. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत तो होडीत बसतोय तोच भोंगा झाला.

आणि पाणी उकळल्यासारखं उसळलं! दोनशे माणसांचे हात, पाय, फेस, शिट्ट्या. काठावरून हे सगळं नारिंगी ठिपक्यांसारखं दिसायचं. इथे तर कुणाची तरी टाच होडीवर आपटत होती, कुणी पाणी थुंकत होतं, कुणी भोंगा होताच घाबरून मागे वळत होतं. आत्या होडीपासून दोन हातांवर होती. दर तिसऱ्या हाताला तिचं तोंड पाण्याबाहेर यायचं, एक डोळा उघडा, गाल फुगलेला, आणि पुन्हा आत. भिंग्यानं कॅमेरा उचलला. चौकटीत आत्या, तिच्या मागे पंधरावीस टोप्या, वल्ह्याचं ओलं पातं, वरचं आभाळ, सगळं एकदम मावलं. "अरे!" तो स्वतःशीच म्हणाला, आणि बोट चालू झालं.

"फोटो नंतर! वेळ बघा!" बसवाली ओरडली.

"वीस मिनिटं, आत्या! झकास चाललंय! थोडी उजवीकडे! तुझ्या उजवीकडे, माझ्या नव्हे!"

अर्ध्या वाटेपर्यंत सगळं सुरळीत होतं. घड्याळात पंचावन्न मिनिटं. मग वारा सुटला. लाटा छोट्या, पण नेमक्या समोरून तोंडावर. आत्याचे हात मंदावले. दीड तास झाला तेव्हा आठशे मीटर बाकी होते, आणि तेवढ्यात ती थांबली. उताणी झाली. तिचा चेहरा पिळवटलेला.

"गोळा?" भिंग्यानं कॅमेरा खाली घेऊन विचारलं.

"गोळा," आत्या म्हणाली.

बसवालीनं वल्हं थांबवलं. "घ्यायचं का वर?" तिनं हळूच विचारलं. होडीला हात लावला की शर्यत संपली, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"हात लावलास तर याद राख!" आत्या उताणीच गरजली. "पोटरी माझी आहे, मी बघून घेईन." तिनं पाण्यातच गुडघा छातीशी ओढला, पायाचा अंगठा पकडला आणि खेचला. एक लाट सरळ तिच्या नाकात गेली. खोकली, शिंकली, आणि टेलिफोन खात्यात तीस वर्षं गिळलेल्या सगळ्या शिव्या एका दमात तळ्याला हासडल्या. बसवालीनं आदरानं मान खाली घातली. भिंग्या कॅमेरा मांडीवर ठेवून कावराबावरा बघत होता.

"बघतोस काय नुसता? काढ की फोटो! बुडताना तरी ठिपका नको मला!" आत्या म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर खदाखदा हसली. तोंडात पाणी, कपाळावर सरकलेली टोपी, वर आलेला एक पाय दोन्ही हातांत धरलेला.

भिंग्यानं काढला. इतक्या जवळून, की पाण्याचे थेंब लेन्सवर आले. त्यानं ते शर्टाच्या बाहीनं पुसले आणि पुन्हा काढला. ज्या काचांवर तो एरवी फुंकरसुद्धा जपून घालायचा, त्यातल्याच एकीवर!

"सुटला!" आत्या ओरडली. पालथी झाली आणि निघाली.

पुढे काय झालं ते भिंग्याला सलग आठवत नाही. शेवटचे चारशे मीटर आणि अकरा मिनिटं, एवढं आठवतं. मग दोनशे आणि पाच. त्याचा आवाज बसला, मग फाटला, मग नुसती हवा येऊ लागली, तरी तो ओरडत होता. बसवालीही ओरडत होती. "चला, चला, चला, सिग्नल हिरवा आहे!" काठावरची माणसं हात हलवत होती. तळ्याला वळसा घालून पलीकडे पोचलेली बायको लेन्सची पिशवी पोटाशी धरून उड्या मारत होती, आणि एरवी त्या दृश्यानं त्याच्या काळजाचं पाणी झालं असतं.

"एक मिनिट!" काठावरून कुणीतरी कर्ण्यात ओरडलं.

आत्यानं मान पाण्यात घातली ती वर काढलीच नाही. हात, हात, हात. आणि फाट्! फळीवर तळवा आपटल्याचा आवाज होडीपर्यंत आला. चाळीस सेकंद शिल्लक होते.

भिंग्या होडीत ताडकन उभा राहिला, बसवालीनं त्याला जॅकेटला धरून खाली बसवलं, आणि मग स्वतःच रडायला लागली.

शेवटच्या क्षणाचा फोटो त्याच्याकडे नाही. तो ओरडत होता ना! तो क्षण पलीकडच्या काठावरच्या निदान बारा तोफांनी टिपला, आणि त्यातला एक चांगला मोठा फोटो शर्यत भरवणाऱ्या क्लबनं आत्याला दिलाही. पण संध्याकाळी भिंग्याच्या घरी सगळे दाटीवाटीनं बसून त्याचे फोटो बघायला लागले, तेव्हा प्रत्येक जण मागचा फोटो पुन्हा दाखवायला सांगू लागला. आत्याच्या सुरकुतलेल्या बोटांवरून ओघळणारं पाणी. फुगलेला गाल. आणि तो उताणा फोटो, पाय हातात, तोंड उघडं, मागे सगळं तळं तिरकं झालेलं.

"ही मी?" आत्या फोटोशी नाक नेऊन म्हणाली. "एवढी म्हातारी?" आणि लगेच, "एवढी खुशीत?"

"अगं, शिव्या देत होतीस तेव्हा," भिंग्या घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"हाच दे मला. मोठा करून."

सहाशेची लेन्स परत गेली. हाव काही एका रविवारात सुटत नाही. लेन्सच्या दुकानावरून जाताना त्याची मान अजून वळते, दाढीवालाही अधूनमधून ताटाशेजारी येतो. पण घास थांबत नाही. पस्तीसची मात्र कॅमेऱ्यावरून उतरलेली नाही. दुकानातल्या मागच्या खोलीत त्यानं भिंग घासणाऱ्या सोबत्याच्या हातांचे इतके फोटो काढले, की तो वैतागून म्हणाला, "आता माझ्या तोंडाचाही एखादा काढ."

पंधरा दिवसांनी क्लबच्या चिटणीसांचा फोन आला. पुढच्या वर्षी सत्तरीच्या दोन बहिणी उतरणार होत्या. आत्याचा फोटो बघून त्यांनी हट्टच धरला होता, आमच्या होडीतही तोच फोटोवाला हवा.

"येतो!" भिंग्या त्यांचं वाक्य संपायच्या आत म्हणाला.

"छान. तुम्हाला पोहता येतं ना? होडीत बसणाऱ्याला पोहता यायलाच हवं, नियम आहे. त्या दिवशी घाईत विचारायचं राहून गेलं."

"पुढच्या वर्षीपर्यंत येईल," भिंग्या म्हणाला.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी भिंग्या तलावाच्या उथळ टोकाला कडेचा दांडा घट्ट धरून लोंबकळत असतो. बाई घोट्याला पट्टी बांधून काठावरच्या खुर्चीत बसतात आणि शाळेतल्यासारख्या सूचना देतात. समोर छातीभर पाण्यात आत्या, दोन्ही हात पुढे केलेले.

"सोड दांडा."

"आत्या, अजून दोन मिनिटं."

"भिंग्या, सोड म्हणते ना!"

परवा त्यानं सोडला. नाकातोंडात पाणी गेलं, तलाव उलटासुलटा झाला. चौथ्या हाताला त्याची बोटं आत्याच्या तळव्याला लागली, आणि तो वर येऊन असा ओरडला, की पलीकडच्या टोकाचे सगळे पोहायचे थांबले.