पोटात अडकलेला आवाज

मी तुमसरच्या एका फोटो स्टुडिओतला डीव्हीडी रायटर बोलतोय. काळा, चपटा, जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढा. स्टुडिओ लिलाधरभाऊंचा.

मी कुणा एका कम्प्युटरचा नव्हतो. वायर जोडली की त्याचा. लग्नसराईत कधी स्टुडिओत, कधी शेजारच्या मोबाईलच्या दुकानात, तर कधी राईस मिलच्या ऑफिसात मी डिस्क भरत बसायचो. अंग इतकं तापायचं की भाऊ मला पंख्याखाली ठेवायचे.

मग पेनड्राईव्ह आले, मोबाईल आले. एका दुपारी डिस्क भरून झाली आणि वीज गेली. भाऊंनी मला तसंच उचलून लोखंडी कपाटात टाकलं. विजेशिवाय माझा ट्रे उघडत नाही. डिस्क पोटातच राहिली.

त्यानंतर वर्षं गेली. बाहेर गिऱ्हाइकांचे आवाज यायचे, मी ऐकायचो. हाक मारायला मला तोंड नव्हतं.

यंदा चिखल्याहून सत्यभामाबाई आल्या. त्यांचे यजमान सेवकराम मँगनीजच्या खाणीत कामाला होते. दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेले.

"भाऊ, माह्या टीनाच्या लग्नाची सीडी तुमच्यापाशी असन का? घरची तं घासून गेली."

"बाई, आता कोठून आणू? जुना कम्प्युटर तं केव्हाचा जळला."

"फोटो हायेत जी घरी. मले त्याइचा आवाज आयकाचा होता."

त्याच लग्नाची एक जादा डिस्क माझ्या पोटात होती! कपाटात मी नुसता तडफडलो. बाई दारापर्यंत गेल्यासुद्धा. तेवढ्यात भाऊंना काय वाटलं कोण जाणे, "थांबा," म्हणाले आणि त्यांनी कपाट उघडलं.

त्यांच्या नव्या लॅपटॉपला माझी वायर बसेचना. मोबाईलच्या दुकानात बसली, पण माझ्या वायरला दोन टोकं, दुसरं फक्त विजेसाठी. तिथल्या कम्प्युटरला वायर लावायची एकच जागा चालू होती. मी घुरघुरलो आणि थांबलो.

"हा बी मेला वाटते," दुकानदार म्हणाला.

मेलो नव्हतो हो! उपाशी होतो.

भाऊ मला आणि बाईंना मिलच्या ऑफिसात घेऊन गेले. तिथला जुना कम्प्युटर अजून जिवंत होता. दोन्ही टोकं लागली. अडखळत, खरखरत मी फिरलो.

पडद्यावर सेवकराम आले. फेटा तिरपा, डोळे लाल. टीनाला म्हणत होते, "पोचली का फोन करजो, माय. मी खाली खाणीत असलो तं मायले सांगजो. वर आलो का ते मले सांगन."

सत्यभामाबाई पडद्याकडे पाहत हळूच म्हणाल्या, "सांगतलं होतं न जी मी. तुमी वर आल्याबरोबर."

भाऊंनी ते सगळं बाईंच्या मोबाईलमध्ये भरून दिलं. मग बटण दाबलं आणि माझा ट्रे उघडला. बाईंनी डिस्क पदरात गुंडाळली.

मी आता परत कपाटात आहे, रिकामा. अंधार तोच, पण जीव जरा हलका आहे. तुमच्याकडेही माझा एखादा भाऊबंद पडून असेल. भंगारात देण्याआधी त्याला एकदा नीट जोडून पाहा. आम्हाला आतून दार उघडता येत नाही.