गौरम्माच्या हातात

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराचा दुष्काळ. आम्ही झोपलो उस्मानाबादचे आणि उठलो लातूरचे. माझ्या म्हशीला ते पटलं नाही, पंधरा दिवस ती उस्मानाबादकडे तोंड करून उभी होती. हे खोटं वाटलं तर सोडून द्या. पुढचं मात्र जसं झालं तसं सांगतोय, आणि असं मी फारसं करत नाही.

उदगीरच्या अलीकडे आमचं गाव. माणिकप्पा माझा मैतर, विहिरी खोदणारा. लिंगायताच्या घरचा, पण एकुलता पोरगा तापानं गेला तेव्हा त्यानं गळ्यातलं लिंग काढलं आणि बायकोला म्हणाला, "तुझं तू कर, गौरम्मा. मला आता तिथं कुणी दिसत न्हाई." तेव्हापासून ती सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायची, आणि हा तिच्या शेजारी चहा फुंकत बसायचा.

आडतवाल्या गुरुपादप्पाला हे सोसेना. दर सोमवारी दोऱ्यात बांधलेलं नवं लिंग घेऊन दारात हजर.

"बांध माणिकप्पा. तुझ्यापायीच पाऊस रुसलाय."

"अख्ख्या तालुक्याचा पाऊस माझ्या एकट्याच्या गळ्यावर? लईच मोठी मान हाय की माझी, सावकार!"

लोक हसायचे. गुरुपादप्पा हसायचा नाही. हा माणूस वाया जाणार, याची त्याला खरीच काळजी होती.

चैत्रात गौरम्मा अंथरुणाला खिळली. शुद्ध होती तेव्हा माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाली, "मला बसवताना लिंग तुम्हीच हातात ठेवा. दुसऱ्याचा हात नको." दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

त्यांच्यात माणसाला खड्ड्यात बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवतात आणि मग माती देतात. जमीन नुसता खडक झालेली. चार जण थकून बाजूला झाले, तेव्हा माणिकप्पानं पहार घेतली. दुपारी खड्डा झाला तरी तो वर आलाच नाही. खालूनच हात पसरून म्हणाला, "द्या तिला."

गुरुपादप्पा काठावर उभा राहिला. हातात तोच दोरा. "बिनलिंगाच्या माणसानं तिच्या लिंगाला शिवायचं न्हाई. हे बांध. न्हाईतर वर ये, स्वामी ठेवतील."

मी वाकलो आणि हळूच म्हणालो, "बांध की लेका. घरी गेल्यावर काढ. मी जन्मभर थापा मारल्या, तू एक मार."

त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळे लाल, भुवयांवर माती.

"ग्यानोबा, तिच्याशी कधी खोटं बोललो न्हाई. आज बोलू? तिला ऐकायबी यायचं न्हाई आता."

मग गुरुपादप्पाकडे वळला. "सावकार, माझ्या मांडीला मांडी लावून तिनं अठरा वर्षं पूजा केली. एकदाबी 'घाल' म्हणली न्हाई. तिच्यापेक्षा तुमची भक्ती मोठी हाय का?"

मठाचे रेवणसिद्ध स्वामी इतका वेळ विभूती घेऊन बाजूला बसले होते. त्यांनी मला विचारलं, "बाई काय म्हणाली होती?"

मी सांगितलं. उभ्या गावाला ठाऊक, माझ्या दहा शब्दांत नऊ खोटे. स्वामी बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग गौरम्माच्या गळ्यातलं लिंग सोडवून त्यांनी ते खाली माणिकप्पाच्या ओंजळीत दिलं.

आम्ही तिला उतरवायला लागलो. पायांकडून धरायला माणूस कमी पडला, तेव्हा गुरुपादप्पानं दोरा खिशात कोंबला आणि पाय धरले.

माणिकप्पानं लिंग धोतराच्या सोग्यानं पुसलं, तिच्या तळहातावर ठेवलं. बोटं ताठली होती, मिटेनात. त्यानं एकेक बोट दाबून मिटवलं, आणि मूठ मिटली तरी आपला हात काढेना. स्वामींचे मंत्र संपले, बेलाची पानं टाकून झाली. हातात माती घेऊन आम्ही सगळे उभे. गुरुपादप्पाही उभा.

"होऊ दे त्याचं," तोच म्हणाला. "घाई नको."