सोजराबाईचा होकार

ग्रामसुधारणेचं शिक्षण घेऊन नारायणराव मास्तर नागपूरहून आले आणि अमडापूरजवळच्या त्या खेड्यात त्यांनी पहिल्याच सभेत नवा कायदा सांगितला. सगळ्यांनी गोल बसायचं. बायांनीही. ज्याच्या हाती नारळ, त्यानंच बोलायचं. आणि एकमत झाल्याबिगर सभा उठायची नाही. उकंडराव पाटील खाली सतरंजीवर टेकले, तशा बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

सोजराबाई तर हरखलीच. रांडावलेल्या बाईला एरवी कोण विचारतं बापा! घरामागं गावठाणात तिची वांग्या-मिरच्यांची वाडी होती. नवरा गेल्यापासून तेवढ्यावरच तिचं पोट. आता गावातले उकिरडे हलवून एका जागी खताचे खड्डे करायचे होते, आणि पाटलानं जागा सुचवली ती नेमकी ही वाडी. दुसऱ्या सभेत ते ठरायचं होतं. त्या दिवशी सोजराबाई सकाळीच धाकट्या जावेकडे, तानुबाईकडे, गेली होती. "मी हाये ना बाई," तानुबाई म्हणाली होती, "मी बोलतो तुमच्याकून."

नारळ फिरला. मान्य, मान्य, मान्य. सोजराबाईच्या हाती आला.

"मले मान्य नाई," ती म्हणाली. "पाटलाची पडीक हाये ना गावाबाहेर. तिथं काऊन नाई?"

मास्तर गोड हसले. "बाई, इथं दुसऱ्याकडे बोट दाखवायचं नाही. फक्त आपल्या मनातलं सांगायचं. तुम्हाला काय वाटतं?"

"मले वाटते, मी उपाशी मरीन."

"छान! बाईंनी मन मोकळं केलं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या. वा रे शिक्षण! बाई मरणाचं बोलते आणि गाव टाळ्या पिटतं.

नारळ तानुबाईकडे गेला. तिनं समोर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं पाटलाकडे. "जे साऱ्याइले मान्य, ते मले मान्य," तानुबाई म्हणाली आणि नारळ घाईनं पुढे ढकलला.

पुन्हा फेरी झाली. पुन्हा ती एकटीच नाही म्हणाली. ऊन डोक्यावर आलं, लेकरं भुकेनं रडायला लागली. "एका बाईपायी सारं गाव अडून राह्यलं," कोणीतरी पुटपुटलं. मास्तर मात्र शांत. "घाई नाही. बाईंचं मन तयार होईपर्यंत आपण बसू." कोणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं होतं, निदान बोंब तरी ठोकता आली असती.

"हाव," ती शेवटी म्हणाली.

"मोठ्यानं, बाई. सगळ्यांना ऐकू द्या."

"हाव! मान्य हाये!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांचे तर डोळे भरून आले. "पहिली कुदळ बाईंच्याच हातची!" ते म्हणाले, आणि सारं गाव वाडीत आलं.

वांगी लगडली होती. कुदळ हातात घेऊन सोजराबाईनं विचारलं, "मास्तर, आधी वांगे तोडून घेऊ का? येत्या बाजाराले होतीन."

मास्तर लोकांकडे वळले. "बाईंचा एक प्रश्न आहे. सगळ्यांनी गोल बसून घ्या."

"अवं बाई, पुरे करा ना आता!" तानुबाई ओरडली. "लेकरं उपाशी हायेत!"

सोजराबाईनं पहिल्याच झाडाच्या बुडात कुदळ घातली.