थोरल्या आण्णांचा हिरवा ठिपका

लग्नपत्रिकेत मुहूर्त चुकला तर माणसं फोन करून विचारतात. 'आपले नम्र'मध्ये काकाच्या वर पुतण्या छापला गेला, तर फोनच बंद होतात. सांगलीच्या आपल्या छापखान्यात मालक जोतिबांनी असली पुष्कळ भांडणं निस्तरली होती. म्हणून एकच पान सगळ्यांनी आपापल्या फोनवरून एकाच वेळी लिहायचं, असं आपलं वेब-ॲप क्रांतीनं दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "वीरधवलची पत्रिका यावर कर. तुमची भावकी मला ठाऊक आहे. संध्याकाळपर्यंत पान छपाईला आलं, तर माझी सगळी गिऱ्हाइकं तुझी."

वीरधवल क्रांतीचा चुलतभाऊ. ॲपसाठी तिनं पुण्याची नोकरी सोडली होती, आणि पहिलं गिऱ्हाईक अजून यायचं होतं. दोघांनी एकच ओळ बदलली तर काय, रेंज गेलेल्याचं लिखाण मागून आलं तर कुठं बसवायचं, सगळं तिनं सोडवलं होतं. पानावर कोण हजर आहे, ते नावापुढच्या हिरव्या ठिपक्यानं कळायचं.

सकाळी क्रांती छापखान्यात बसली. 'आपले नम्र'खाली नावं लिहायला कोरेगावची भावकी पानावर आली. विट्याचे नाथाजी मामा कोइमतूरच्या आपल्या सोनं-चांदी गाळायच्या गलाई दुकानातून आले. ठिपके हिरवेगार, पान कोरं. क्रांतीनं सर्व्हर बंद करून परत चालू केला. स्वतः लिहून पाहिलं. अक्षरं उमटत होती.

"माणसं आलीत, जेवण नाही, असं दिसतंय," जोतिबा म्हणाले.

तिनं भावाला फोन लावला. "नानासो, लिही की रं. काय अडलंय?"

"अडलंय कुठं? थोरलं आण्णा बसल्यात पानावर. त्यांच्याम्होरं आपुन कसं लिवायचं? त्यांचं हुंदे, मग आमी."

थोरले आण्णा म्हणजे आकाराम, वीरधवलचे वडील. त्यांचा फोन त्यांच्या बायकोनं, मनुबाई काकींनी उचलला.

"त्ये उसाला पाणी पाजाय गेल्यात. फोन हितं चार्जिंगला हाय, पान उघडंच."

उघडं पान म्हणजे हजर माणूस, असा हिशेब क्रांतीनंच घातला होता. तिनं तो बदलला: थोडा वेळ स्क्रीनला बोट लागलं नाही, तर ठिपका जाणार.

आण्णांचा ठिपका गेला आणि भावकीला वाचा फुटली. जो तो आपलं घर पहिल्या ओळीवर नेऊ लागला. नाथाजी मामा थेट वरपित्याच्या डोक्यावर जाऊन बसले. ॲप एकही बदल हरवत नव्हतं, हीच पंचाईत.

क्रांतीनं परत काकींना गाठलं. "काकी, आण्णांच्या फोनवर बोट फिरवत बसा. लिवू नका कायबी."

"नुसतं बोट? त्यात काय."

आण्णांचा ठिपका परत लागला. ओढाताण थांबली. मग नाथाजी मामांचं नाव हळूच खाली सरकलं, मागोमाग नानासोचं. बघता बघता यादी वयानं लागली. वरपिता वर, मामा मामांच्या जागी.

दिवस मावळायच्या आत पान छपाईला गेलं. जोतिबांनी ते दोनदा वाचलं.

"गिऱ्हाइकं तुझी," ते म्हणाले. "पण प्रत्येक घरातली एक काकी आधी गाठून ठेव."